सहा चिंचोके, तीन झोपड्या

आईच्या काखेत प्लेगची गाठ आली त्या सकाळी आबा, म्हणजे माझे आजोबा, झोपडीबाहेरून म्हणाले, "लेकराला तितंच ऱ्हाऊ दे. भायेर आणू नगा."

लेकरू म्हणजे माझी आठ महिन्यांची बहीण. आईच्या अंगावर पीत होती.

गावात उंदीर मरून पडले की आम्ही घरं सोडून रानात राहायला जायचो. त्या साली लोहगडाखाली भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात तीन झोपड्या घातल्या. तिन्ही एका मापाच्या, कारवीच्या कुडाच्या, वर पेंढा. माणसं आम्ही सहा. कुणी कसं राहायचं ते ठरवायला आबांनी मातीत तीन खळगे केले आणि मला सहा चिंचोके दिले. मी दुसरीत होते. एकही झोपडी रिकामी ठेवायची नव्हती, रिकाम्या झोपडीत साप शिरतो. मी चार-एक-एक मांडले, मग तीन-दोन-एक, मग दोन-दोन-दोन. थोरल्या भावानं एक-दोन-तीन मांडलं आणि म्हणाला, ही चौथी रीत.

"झोपड्या सारख्याच हायेत न्हवं?" आबा म्हणाले. "मग ही तिचीच रीत झाली. मास्तर फुकट छड्या मोडतोय तुज्यावर."

रीती तीनच निघाल्या. आबांनी दोन-दोन-दोन धरली. एकीत आजार शिरला तर दोघांवर भागेल, असा त्यांचा विचार. आई आणि बहीण, वडील आणि भाऊ, आबा आणि मी. चिंचोक्यांना अंगावरचं दूध लागत नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गाठ आली त्या सकाळी वडील आबांचं ऐकत उभे होते. मग आत शिरले आणि बहिणीला उचलून घेऊन आले.

"तुज्यात तिघं हुतील," आबा म्हणाले. "पोरगा हाय तितं."

"त्याला तुमच्यात घ्या."

"आमच्यात कुणी यायचं न्हाई."

तीन-दोन-एक झालं. एक म्हणजे आई. आबा पाण्याचा तांब्या काठीनं तिच्या दारात सरकवत. तिनं दोनदा बहिणीला मागितलं. कुणी दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

त्यानंतर भावाच्या जांघेत गाठ आली. तो दोन दिवस टिकला. बहिणीला आम्ही शेळीचं दूध पाजत होतो. तिला साधा तापही आला नाही.

आबा, वडील, बहीण आणि मी जगलो.