भाऊच्या कोटाची घडी

पोलीस फोनवर मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत होता. "आपका भाई... समुंदर..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. कुवेतमधल्या बनेद अल-गारच्या किनाऱ्यावर, खालच्या दगडांपाशी, पाण्यात भाऊ सापडला होता. आणि वर कठड्याजवळ त्याचा कोट, नीट घडी घालून ठेवलेला. भाऊ माझा थोरला भाऊ, शुऐब्याच्या कारखान्यात डिझेल इंजिनांवर इंजिनियर. मी इथल्याच इस्पितळात नर्स, मेलेलं माणूस मला काही नवीन नाही. पण घडी घातलेला कोट... ती धास्ती भाऊनेच माझ्या मनात भरवली होती.

आम्ही दोघं नाशिकचे. इराकच्या आक्रमणानंतर कुवेत पुन्हा उभं राहत होतं तेव्हा परत आलो, आणि हिवाळ्यात संध्याकाळी याच किनाऱ्यावर फिरायला लागलो. "ज्याच्या नावाचं हे इंजिन, त्या डिझेलचं काय झालं ठाऊक आहे का गं, नंदे?" एकदा त्याने विचारलं. मी म्हटलं, नको सांगूस. ऐकतोय थोडाच! ठिणगीशिवाय, नुसती हवा दाबून पेटणारं इंजिन त्या माणसाने केलं. पहिल्या चाचण्यांत त्याचा जीव जाता जाता वाचला. पुढे नाव झालं, पैसा आला आणि गेला, माणूस आतून खचला. एकदा बोटीने इंग्लंडला निघाला, जेवला, सकाळी लवकर उठवा म्हणून सांगून झोपायला गेला... सकाळी बिछाना तसाच. डेकवर त्याची हॅट आणि घडी घातलेला कोट. "उडी मारली, की कुणी ढकललं, की तोल गेला... कुणालाच कळलं नाही," भाऊ म्हणाला आणि पाण्याकडे बघत राहिला. मी त्याला दंडाला धरून ओढत घरी आणलं. जन्माची भित्री मी, कितीतरी दिवस मला त्या कोटाची स्वप्नं पडायची.

मग शुऐब्याला ते घडलं. कुठूनतरी गॅस गळत होता, आणि जवळच्या पंपाचं डिझेल इंजिन तो हवेबरोबर ओढायला लागलं. असं झालं की इंजिन पिसाळतं. डिझेल तोडा, किल्ली फिरवा, काही उपयोग नाही. ते गॅसवरच पळत सुटतं, फुटेपर्यंत. त्याचा श्वास कोंडणं एवढाच इलाज. माणसं पळाली. भाऊने अंगातला कोट काढला आणि हवा आत जाते त्या तोंडात कोंबला. घरी आला तो कुडकुडत, नुसत्या शर्टावर. मी ओरडले, "कोट कुठंय?"

"इंजिनाने खाल्ला." हसायला गेला, ते जमलं नाही. "घाबरलो गं, नंदे. फार घाबरलो. कोट गेला, पण मी आलो ना घरी?"

त्यानंतर त्याला खोडच लागली. चालू डिझेल इंजिनाजवळ गेला की कोट काढायचा, घडी घालायची आणि इंजिनाच्या तोंडाशी, हात पोचेल असा ठेवायचा. इस्पितळाच्या जनरेटरपाशीसुद्धा! उन्हाळ्यात कोट नसला तर जाड टॉवेल. मी चिडवायचे, "आला बघा इंजिनाला पांघरूण घालणारा!"

पण शेवटच्या वर्षी तो अबोल झाला होता. कंपनीने मुदत वाढवली नव्हती, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपत आला होता. नाशिकला जाऊन करू काय, एवढंच म्हणायचा. म्हणून तर पोलिसांच्या फोननंतर माझ्या डोक्यात एकच विचार होता. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं असावं, मग तोल गेला असेल. 'असावं', 'असेल'... मी त्या शब्दांवर विसंबू कशी? आणि नाशिकहून वहिनीचा फोन. रडणं नाही, काही नाही. फक्त, "नंदाताई, खरं सांगा. ते आपणहून तर गेले नाहीत ना?"

शेवटी धीर करून मी त्या किनाऱ्यावर गेले. पाण्याकडे बघवत नव्हतं. कठड्यालगत केबलसाठी रस्ता खणलेला, आणि शेजारी एक मोठा जनरेटर धडधडत होता. मी तिथल्या कामगाराला विचारलं, कोट नेमका कुठे होता?

त्याने कठड्याकडे बोट केलंच नाही. जनरेटरपाशी गेला, हवेच्या जाळीखाली वाकला. "इधर रखा था, दीदी. बिलकुल इधर."

मी तिथेच मातीत बसले. हमसून हमसून रडले. तो बिचारा पाणी आणायला धावला.

त्याच दुपारी वहिनीला फोन केला. कोट इंजिनाच्या तोंडाशी होता, एवढंच सांगितलं. भाऊची ती खोड तिला ठाऊक होती. टॉवेलाची घडी तिच्याही घरात पडून होती. ती म्हणाली, "म्हणजे त्यांना घरी यायचं होतं."

पोलिसांनी दिलेला कोट माझ्या दाराशी खुर्चीवर आहे. घडी मोडायचा धीर होत नाही. भीती काही गेलेली नाही माझी. खाली रस्त्यावर कुठे जनरेटर सुरू झाला की मी हातातलं काम टाकून उठते, आणि तो थांबेपर्यंत कोट घट्ट धरून दाराशी उभी राहते.