कृत्तिकांसाठी दोन पायल्या नाचणी

आमच्या लोणावळ्याच्या घरामागे बागेत एक पेरू होता, पलीकडे विहीर, आणि दोहोंच्या मध्ये कमरेएवढा विटांचा एक खांब. त्यावर ना तुळस ना देव. नवीन माणूस आला की हमखास विचारायचा, "ही कुणाची समाधी?" मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. नव्या नवरीला विचारायची सोय नव्हती, म्हणून पहिले चार दिवस मी त्या खांबाला लांबूनच नमस्कार करत होते. पाचव्या दिवशी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते पाहिलं. "अगं, तो कॅमेरा बसवायचा खांब आहे," ते म्हणाले. मी इतकी वरमले की दोन दिवस मागच्या दाराने बाहेर पडले नाही.

मामंजी रेल्वेत तारमास्तर होते. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. माझे यजमान मुंबईला नोकरीत. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे. म्हणजे आठवडाभर घरात मी आणि मामंजी, आणि दीड वर्षाने माझा मुलगा. मामंजी बोलायला मोकळे होते, पण विषय दोनच. एक तारखात्याचा. यंत्राची कटकट ऐकून पलीकडे कोण बसलंय ते त्यांना कळायचं. कर्जतचा मास्तर घरी भांडून आला असेल तर तेही कळायचं, असं ते म्हणत. मला ही थाप वाटायची. दुसरा विषय आकाशाच्या फोटोंचा.

त्यातलं मला जे समजलं ते एवढंच. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. कॅमेरा नुसता वर तोंड करून ठेवला तर तारे काचेच्या प्लेटवर रेघा ओढतात. ठिपके हवे असतील तर कॅमेऱ्यालाही ताऱ्यांच्या मागोमाग त्यांच्याच चालीने फिरवायला हवं. एवढं समजायला मला महिना लागला, कारण मामंजी समजावायला बसायचे ते नेमकं पानावर, आणि माझं लक्ष गार होणाऱ्या आमटीकडे.

खांबाच्या डोक्यावर एक लोखंडी कांब तिरकी बसवलेली होती. तिचं टोक ध्रुवाकडे. आमच्याकडे ध्रुव फार खाली असतो. हात लांब करून क्षितिजापासून एक वीत मोजली की सापडतो, तुंगार्लीच्या डोंगरापासून चार बोटं वर. कांबेवर एक फळी, फळीवर कुणा परत जाणाऱ्या साहेबाकडून घेतलेला जुना कॅमेरा आणि त्याला खेटून एक लहान दुर्बीण. फळी सावकाश फिरवायला विलायतेत म्हणे घड्याळासारखी यंत्रं असतात. आमच्याकडे नाचणी होती.

बाजारातल्या एका पत्रेवाल्या चाचांनी मामंजींना उंच डबा करून दिला होता, तळाला बारीक भोक असलेला. डब्यात दोन पायल्या नाचणी भरायची. नाचणीवर वजन, वजनाला दोरी, दोरीचं दुसरं टोक कप्पीवरून फळीला. भोकातून नाचणी परातीत पडत राहते, वजन खाली बसत जातं, दोरी ताणली जाते आणि फळी फिरते. आधी इंद्रायणीची वाळू घालून पाहिली होती, ती आमच्या हवेत दमट होऊन अडायची. तांदूळ भोकात आडवे पडले. मोहरी बरी चालली, पण महाग. नाचणी गोल, गुळगुळीत, आणि घरात असतेच. हवी तशी धार मिळेपर्यंत चाचांनी डब्याच्या तळाला बसवायच्या नऊ चकत्यांना नऊ भोकं पाडली. नववी देताना ते म्हणाले, "तारमास्तर, आता भोक बरोबर आहे. तारे चुकत असतील तर त्यांना सांगा."

मुलगा झाला त्या वर्षी मामंजींचे डोळे गेल्यातच जमा झाले. दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवा पिकलेला, डावा पिकायच्या बेतात. मुंबईच्या डॉक्टरांनी संक्रांतीनंतर शस्त्रक्रिया ठरवली आणि स्वच्छ सांगितलं की या वयात खात्री देता येत नाही. मामंजींना त्याआधी एकच गोष्ट हवी होती, कृत्तिकांचा एक नीट फोटो. कृत्तिकांभोवती धुकं आहे असं त्यांनी वाचलं होतं. डोळ्याला ते दिसत नाही, पण काचेच्या प्लेटला पाऊण तास उजेड खाऊ घातला तर उतरतं.

"कुणाच्याच डोळ्याला दिसत नाही," ते म्हणाले, "म्हणजे तिथे तू आणि मी सारखेच."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला आला राग. अंगावर पिणारं पोर, चूल, विहिरीचं पाणी, आणि वर आता ह्यांचे तारे! पण नाही कसं म्हणणार? त्यांना आता दुर्बिणीतलं काही दिसत नव्हतं, आणि घरात दुसरे डोळे माझेच होते.

माझं काम सोपं होतं आणि मान मोडणारं होतं. दुर्बिणीत कोळ्याच्या धाग्यांची फुली ताणलेली होती. एक ठळक तारा मुद्दाम अस्पष्ट करून घ्यायचा, म्हणजे तो भाकरीसारखा गोल दिसतो आणि फुली त्याचे चार चतकोर करते. चतकोर सारखे राहिले पाहिजेत. एखादा मोठा होऊ लागला की फळीच्या बाजूचा स्क्रू केसभर फिरवायचा. पाऊण तास. मामंजी डब्याशेजारी पाटावर बसायचे, घोंगडी पांघरून, नाचणीच्या धारेला कान देऊन. भिंगावर दव धरू नये म्हणून मी चुलीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून कॅमेऱ्याखाली ठेवायची. ही युक्ती माझी, हेही सांगून ठेवते.

त्या नाचणीला हात लावायचा नाही, हा एकच नियम मामंजींनी घातला होता. तोच मी मोडला. मुलाला नाचणीचं सत्त्व सुरू करायचं होतं. मळवलीहून बाजारच्या दिवशी एक मावशी धान्य घेऊन यायच्या, त्यांनी नवी नाचणी आणली होती. "लय ग्वाड हाय," त्या म्हणाल्या, "पन आजून वल हाय बगा. दोन दिस उनात टाका, मंग भरा." नवं धान्य तान्ह्याला बाधतं, हे मला माहेरी शिकवलेलं. डब्यातली जुनी, खणखणीत वाळलेली नाचणी डोळ्यांसमोर होती. मी त्यातली एक पायली काढून घेतली आणि वरून तेवढीच नवी ओतून डबा सारखा केला. वाळवायचं राहून गेलं. नाचणी ती नाचणी, असं म्हटलं मी मनात.

कार्तिकातल्या अमावास्येला जेवणं आटोपल्यावर आम्ही प्लेट लावली. पहिला अर्धा वेळ चतकोर जागचे हलले नाहीत. मग भाकरी एका बाजूला सरकू लागली. मी स्क्रू फिरवला. पुन्हा सरकली, पुन्हा फिरवला. शेवटी स्क्रू फिरायचाच थांबला आणि तारा फुली सोडून चालता झाला.

"धार जड झाल्यासारखी वाटते का गं?" मामंजींनी विचारलं.

"छे," मी म्हटलं.

न्हाणीघरात कंदिलाला लाल कापड बांधून मी प्लेट औषधात धुतली. मामंजी दाराबाहेरून वेळ सांगत होते. अशा प्लेटवर सगळं उलटं उतरतं, काच कोरी आणि तारे काळे. सकाळी मी ती खिडकीशी धरली. प्रत्येक ताऱ्याला शेपूट होतं. धुक्याचं नाव नाही.

"गोल आहेत?" मामंजींनी विचारलं.

"गोल आहेत," मी सांगितलं. "धुकंही आहे थोडं."

त्यांच्यावर दया आली म्हणून खोटं बोलले असं सांगितलं तर बरं दिसेल, पण तसं नव्हतं. नाचणीची चोरी उघडी पडेल ही भीती होती. मामंजी "बरं" म्हणाले. मला वाटलं, सुटले.

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून त्यांचे एक स्नेही आले. त्यांचा फोटो काढण्याचा धंदा होता, प्लेटा तेच पुरवत. खुर्चीवर टेकायच्या आधी त्यांनी काच उजेडात धरली आणि हसत सुटले. "अहो तारमास्तर, हे कसले तारे? ही तर बेडकांची पिल्लं!"

मामंजीही थोडं हसले. पाहुणे स्टेशनावर गेल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"मला दोन डोळ्यांनी दगा दिला," ते म्हणाले, "म्हणून तुझे दोन उसने घेतले. तेही खोटं सांगायला लागले तर मी जायचं कुणाकडे?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी उलट बोलले असते, तेवढी जीभ होती मला. मी उभ्या उभ्या रडायला लागले आणि नाचणीचं सगळं सांगून टाकलं.

"किती काढलीस?"

"एक पायली."

"आणि ओली भरलीस?"

"हो."

"हात तिच्या!" मामंजी एकदम खूश झाले. "म्हणजे यंत्रात खोट नाही. मी आपला आठ दिवस भोकाला दोष देत होतो." मग म्हणाले, "पोराला मानवली का?"

मी भर रडण्यात हसले. इतकी ओशाळलेली मी आयुष्यात दुसऱ्यांदा कधी नव्हते.

त्यानंतर दोन पायल्या नाचणी दोन-तीन आठवडे पेरूपलीकडच्या उन्हात पसरली. चिमण्यांना हाकलायचं काम माझ्याकडे आपसूक आलं. मामंजी रोज मूठभर नाचणी कानाशी हलवून पाहायचे, आणि एके दिवशी म्हणाले, "झाली."

मार्गशीर्षातली अमावास्या. प्लेटा संपत आल्या होत्या, संक्रांत तोंडावर, पुढच्या अमावास्येपर्यंत मामंजी इस्पितळात. म्हणजे हीच शेवटची. कृत्तिका डोक्यावर आल्या होत्या आणि मला अंगणात सतरंजीवर जवळजवळ आडवं होऊन दुर्बिणीला डोळा लावावा लागला. थंडीने बोटं बधिर. मध्येच आत मुलगा रडला. मी उठले नाही. मामंजी चाचपडत आत गेले, त्याला घोंगडीत घेऊन आले आणि मांडीवर थोपटत धारेला कान देऊन बसले. चतकोर शेवटपर्यंत सारखे राहिले.

सकाळी मी काच खिडकीशी धरली.

"गोल?"

"गोल. सगळे. कडेचा एक जरा लांबट आहे."

"कडेचे असायचेच. आणि धुकं?"

काय सांगायचं? काहीतरी होतं. फुंकर मारून जाईल इतकं पुसट. "करडं काहीतरी दिसतंय," मी म्हटलं, "पण दव असेल. शेवटी शेवटी वीट गार झाली होती. मला नक्की नाही सांगता येत."

"नक्की नको सांगूस. दिसतं तेवढं सांग. दव असेल तर प्रत्येक ताऱ्याभोवती सारखं कडं पडेल. तसं आहे?"

मी पुष्कळ वेळ पाहिलं. "नाही. चार-पाच तारे कोरे आहेत. पण खालच्या अंगाला एक आहे, त्याचं करडेपण एकाच बाजूला ओघळलंय. दक्षिणेला."

मामंजींनी हात पुढे केला. मी काच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कडांना धरली, नीट, बोट न लावता, आणि डोळ्यांपुढे न नेता तशीच मांडीवर धरून बसले. "ओघळलंय," एवढंच म्हणाले.

शस्त्रक्रियेचा काही उपयोग झाला नाही. डाव्या डोळ्याला दार उघडं की बंद एवढं कळायचं. मामंजींनी फारसा त्रागा केला नाही. घरात अधूनमधून कपाळमोक्ष व्हायचा तेव्हा शिव्या द्यायचे, त्याही तारखात्याला.

होळीच्या सुमारास पुण्याचे ते स्नेही विचारपूस करायला म्हणून आले. चहा झाल्यावर मामंजींनी काच काढायला सांगितली. त्यांनी ती खिडकीशी नेली, खिशातलं भिंग लावलं. "वा! आता तारे म्हणावेत असे तारे," ते म्हणाले. "पण धुकं-बिकं काही नाही हो. औषधाचा ओघळ असेल." मग माझ्याकडे पाहून गोड हसले. "सूनबाईंनी सांगितलं असेल, तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून. त्यांचंही बरोबरच आहे."

माझी कानशिलं तापली. पण बोलणार काय? एकदा पकडली गेले होते, त्यांच्याच समोर.

"नाही," मामंजी म्हणाले. "तसं ती बोलते तेव्हा मला कळतं. मागच्या वेळी मी तुम्हाला मुद्दाम दुसऱ्याकडून पत्र लिहवून बोलावून घेतलं होतं, आठवतं? तिच्या आवाजात मला खोट लागली होती. हातातली काच मला दिसत नव्हती, म्हणून तुम्हाला बोलावलं." त्यांनी कप चाचपून बशीत ठेवला. "या वेळी कुठे बोलावलं?"

मी कप उचलून आत गेले, ते धुवायला घेतले, आणि मग मला जे रडू आलं ते मुलगा उठेपर्यंत थांबलं नाही.