हवालदार, सेक्रेटरी आणि राघोबाबांची चिलीम

ऐंशीच्या दशकातला एक मे महिना, भर दुपार, नेरूळ. आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर पोलीस आले आणि मी हातातलं लाटणं तसंच घेऊन खाली धावले. नुकतंच लग्न झालेलं, करमणुकीला दुसरं काही नाही हो... नेरूळला तेव्हा रेल्वेसुद्धा नव्हती!

पोलीस कशासाठी आले ते मला ठाऊक होतं. राघोबाबांसाठी.

राघोबाबा शेजारच्या शिरवणे गावातले, ऐंशीच्या घरातले आगरी गृहस्थ. आमची बिल्डिंग उभी होती ती त्यांच्याच शेतावर, आणि गेटबाहेरचा उंबर त्यांच्या खळ्यावरचा. जमीन सरकारकडे गेली, पण बाबांची दुपार काही तिथून हलली नाही.

जेवण झालं की यायचे, उंबराखाली बसायचे आणि चिलीम पेटवायचे. तिच्यात तंबाखू नसायची... गांजा असायचा. पूर्वी म्हणे भजनातले सगळे सवंगडी मिळून बसायचे. ते एकेक करून गेले आणि हे एकटे उरले.

वाऱ्याबरोबर वास वर आला की माझ्या सासूबाई नाकाला पदर लावून 'सुरू झाली भोलेनाथाची आरती' म्हणायच्या आणि खिडकी ओढून घ्यायच्या. प्रकरण तिथेच मिटायचं.

पण आमचे सेक्रेटरी! बँकेतून रिटायर झालेले, नियमावर बोट ठेवून चालणारे. गांजाचा नवा कडक कायदा आल्याचं त्यांनी पेपरात वाचलं आणि थेट चौकीत जाऊन तक्रार ठोकून आले. माणूस वाईट नव्हता हं. खाली नातवंडं खेळतात, त्यांच्या डोळ्यांसमोर हे नको, एवढंच म्हणणं... आणि ते चूक तरी कसं म्हणायचं?

तर हवालदार आले. साताऱ्याकडचे, आडव्या अंगाचे, घामाघूम. सेक्रेटरी त्यांना उंबराखाली घेऊन गेले आणि मागोमाग बाबांची सून गावातून अनवाणीच धावत आली. "सायेब, म्हातारा रातभर खोकतंय. आत टाकलंत तर जिता नाय येनार," म्हणत ती रडायलाच लागली.  आणि ती खोटं बोलत नव्हती.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं रामायण चाललं होतं ते बाबा? त्यांना वाटलं, पाहुणे आले!

चिलीम पेटलेली असताना जो कुणी येऊन उभा राहील त्याला ती द्यायचीच, ही त्यांच्या मंडळींची जुनी रीत. न देणं म्हणजे आलेल्याचा अपमान. बाबांनी सरकून जागा केली, चिलमीच्या तोंडाशी गुंडाळलेलं ओलं फडकं नीट केलं आणि दोन्ही हातांनी ती चक्क हवालदारांपुढे धरली.

"या, बसा. एकट्यानं वढवत नाय. घ्या."

सून कपाळावर हात मारून मटकन खाली बसली. पोलिसाला शोधायची गरजच ठेवली नव्हती म्हाताऱ्याने!

 हवालदारांनी टोपी काढून बगलेत धरली, चिलीम घेतली आणि कपाळाला लावली. ओढली नाही हं... नुसती लावली. ज्याला ओढायची नसते त्याने असंच करायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायची, हेही रीतीतलंच. आणि पुढचे कोण होते? आमचे सेक्रेटरी.

आता जन्माची सवय कुठे जाते? कुणी असं मानाने काही पुढे केलं की आपले हात आपोआप ओंजळ करतात आणि आलेलं कपाळाला लावतात. सेक्रेटरींनी तेच केलं. काय केलं ते कळेपर्यंत उशीर झाला होता.

हवालदार अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, आता माल तुमच्या हातात सापडला. मगाशी माझ्या हातात होता. केस नक्की कुणाकुणावर घालू?"

वरच्या गॅलरीतून पहिल्या हसल्या त्या सासूबाई. मग मी, मग रडता रडता ती सून... आणि शेवटी चिलीम हातात धरून स्वतः सेक्रेटरीसुद्धा.

"कळंबोलीकडे ट्रकातून लोखंड गायब होतंय, ते बघू का ह्यांना बघू?" असं म्हणत हवालदार बाबांशेजारी टेकले. त्यांना म्हणाले, "बाबा, इथं लेकरं खेळत्यात. जे काय करायचं ते घरी, परसात करा. आणि पुडी घेऊन रस्त्यानं फिरू नका. मी हाय तवर चालतंय, उद्या दुसरा आला तर उचलून नेईल."

बाबांनी मान डोलावली. मग लहान मुलासारखं विचारलं, "पन घरी कोनाबरोबर बसू? माजं कोन हाय आता?"

कुणाचंच हसू टिकलं नाही. सून तर पदरात तोंड लपवून बसली... घर भरलेलं होतं हो तिचं, पण बाबांच्या वयाचं त्यात कुणी नव्हतं.

सेक्रेटरींनी चिलीम बाबांच्या हातात परत दिली. जरा घसा खाकरला आणि म्हणाले, "मी येत जाईन. ओढणार नाही, आधीच सांगतो. नुसता बसेन."

आणि गेले की! रोज दुपारी पेपर बगलेत मारून शिरवण्याला, बाबांच्या परसात. पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे म्हणे, आणि बाबा प्रत्येक पुढाऱ्याला आगरीत शिव्या घालायचे. शर्टाला वास येतो म्हणून सेक्रेटरीकाकू घरी करवादायच्या, पण दुपारचा चहा थर्मासमध्ये भरून त्याच द्यायच्या.

बाबा पुढच्याच वर्षी गेले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर, सुनेच्या हातचं पाणी पिऊन. खांदा द्यायला आमचे सेक्रेटरी पुढे होते आणि लहान मुलासारखे रडत होते.

कायदा काय म्हणतो, काय म्हणायला हवा... ते शहाण्यांनी ठरवावं. त्या हवालदारांची पुढे बदली झाली, त्यांचं नावसुद्धा मला कधी कळलं नाही. त्यांनी त्या दुपारी नुसतं आपलं काम केलं असतं, तर एक म्हातारा कोठडीच्या परक्या भिंतीकडे बघत गेला असता... आणि आमच्या सेक्रेटरींना तो मित्र कधी मिळाला नसता. हवालदारसाहेब, जिथे असाल तिथे सुखी राहा.