धर्मा नाखव्याच्या जाळ्यातला बगळा

रविवार, ३० जानेवारी १९८३. सकाळी सात वाजून पाच मिनिटे. त्या मिनिटापासून संध्याकाळपर्यंत मी जे केले, ते आजवर कुणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही. मुलीला नाही. आज ते लिहायला बसलो आहे, आणि पुरे केल्याशिवाय उठणार नाही.

मी तेव्हा अंधेरीच्या एका कारखान्यात आरेखक होतो. यंत्रांची चित्रे काढायची, मापे टाकायची, चूक असेल तर खोडून पुन्हा काढायची — हे काम. राहायला बोरिवलीला. रविवारी सायकलवर कॅमेरा बांधून चारकोपच्या खाडीवर जात असे. तिथली वसाहत अजून उभी राहायची होती; भराव, चिखल, तिवरांची झाडी आणि खाडीत शिरलेला मातीचा एक लांब बांध, एवढेच होते. पक्षी मात्र भरपूर.

बांधाच्या टोकाशी धर्मा नाखव्याचे जाळे असे. चिखलात रोवलेल्या खुंटांवर ते उभे बांधलेले. भरतीबरोबर आत आलेले मासे ओहोटीला त्यात राहत. त्या माशांना टिपायला बगळे उतरत आणि कधी एखादा स्वतःच अडकत असे. धर्मा पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. पहिल्या खुंटाला त्याने सुतळीने एक जुना सुरा बांधून ठेवला होता. तो कशासाठी, हे त्याने मला पहिल्याच वर्षी सांगितले होते.

"ओहोटीला आमची होडी चिखलान बसतं. तू बांधावर असतंस. पाखरू अडकला त जालं काप, आमाला इचारू नको. जालं काय, परत विनता येतं."

त्याच्या बापापासूनची ही रीत होती. पाणी भरेपर्यंत मालकाला जाळ्याशी पोचता येत नाही, म्हणून बांधावर जो असेल त्याने कापायचे. मी दोनदा कापले होते. दोन्ही वेळा त्याने नवे जाळे विणले आणि एका शब्दाने बोलला नाही. हे लक्षात असू द्या — सुरा कुठे आहे हे मला ठाऊक होते, आणि परवानगीही होती.

त्या सकाळी जाळ्यात मोठा पांढरा बगळा होता. डावा पंख वरच्या दोऱ्यांत पिळला गेलेला, दोरा कातडीत रुतलेला, पिसांवर रक्ताची बारीक रेघ. उजवा पंख मोकळा. तो उघडून पक्षी मधूनमधून झटका देई आणि पुन्हा लोंबकळे. बांधापासून वीस पावले. चिखल घोट्याएवढा. मी घड्याळ पाहिले. तसे पाहायची मला सवय होती. सात-पाच.

मी काय केले? कॅमेऱ्याची तिपाई उभी केली.

कॅमेऱ्यात पाच चित्रांपुरती फिल्म उरली होती. पूर्वेला डोंगरावर धुके होते. बांधाच्या टोकावरून पाहिले की पक्षी बरोबर उगवतीसमोर येत होता. ऊन वर आले की त्या मोकळ्या पंखातून आरपार उजेड येणार, हे मला लख्ख दिसत होते. आमच्या छायाचित्र मंडळाच्या वार्षिक स्पर्धेची प्रवेशिका दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोचवायची होती, आणि माझ्याकडे दाखवण्याजोगे एकही चित्र नव्हते.

मंडळाचा एक नियम होता — निसर्गात ढवळाढवळ करू नये, जे आहे ते टिपावे. तो मी मनातल्या मनात म्हणत राहिलो. पण माणसाने बांधलेल्या जाळ्यात निसर्ग कुठला? हा प्रश्न मला त्याही वेळी पडला होता. तो मी बाजूला सारला.

धुके हटेना. साडेसात झाले. पावणेआठ. ओहोटी संपून पाणी फिरले. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. उधाणाचे पाणी, भराभर चढणारे. चिखलावर पाण्याचा पातळ थर आला आणि त्यात पंखाचे प्रतिबिंब दिसू लागले. मग मी त्याच्यासाठीही थांबलो. ऊनही हवे, प्रतिबिंबही हवे. अजून गेलो असतो तर गुडघे भिजले असते, इतकेच. पक्षी माझ्याकडे पाहत होता असे मी म्हणणार नाही. बगळ्याची नजर कुठे असते ते मला कळत नाही. पण त्याने मान वर धरली होती आणि ती तशी धरून ठेवायला त्याला कष्ट पडत होते, एवढे दिसत होते.

सव्वाआठला ऊन आले. मी पाच चित्रे घेतली. पाचव्याच्या वेळी पाणी पक्ष्याच्या छातीला लागले होते. मग मान खाली गेली. आता तिथे कंबरभर पाणी होते. मी उतरलो नाही. कॅमेरा पिशवीत घातला, तिपाई मिटली.

पाऊण तासाने भरतीवर धर्माची होडी आली. त्याने दुरूनच जाळे पाहिले, होडी आडवी लावली आणि दोन घावांत दोरे कापले. पक्षी फळीवर ठेवला. मेलेला होता. होडी बांधाला लावून त्याने मला विचारले, "कवा बगितलास?"

मी म्हणालो, "आत्ताच आलो."

माझे बूट कोरडे होते. तिपाईच्या तीन पायांनी ओल्या मातीत पाडलेली भोके आमच्या दोघांच्या मधे होती. त्याने ती पाहिली की नाही, मला माहीत नाही. तो म्हणाला, "तुजा दोस नाय. उशीर झाला तुला." मग त्याने मला घरी नेले. त्याची बायको जनाबाई हिने चहा दिला. तोंड उतरलंय म्हणून तिने मला दुसरा कपही दिला. दोन्ही मी प्यालो.

मार्चमध्ये चित्राला पहिले बक्षीस मिळाले. उजेडाने भरलेला पंख, खाली पाण्यात तोच पंख. ते एका दैनिकात छापून आले, आणि खाली ओळ होती की जाळ्याच्या मालकाने जाळे कापू दिले नाही, छायाचित्रकार हतबल होऊन पाहत राहिला. दोनच आठवड्यांनी मंडळाचे तिघे सभासद त्या मालकाला समज द्यायला निघाले. वाट दाखवायला मी हवा होतो. मी गेलो.

ते तिघे धर्माला त्याच्या दारात बरेच बोलले. मुके जीव, माणुसकी, कायदा. शेजारची माणसे गोळा झाली. त्यांतला एक म्हातारा हसून म्हणाला, "धर्मा, तू कसाई कवापासून झालास रे?" धर्माने हातातले विणकाम खाली ठेवले आणि तिघांना विचारले, "असा हा बोलला?"

एक सभासद म्हणाला, होय, यांनीच तसे सांगितले आहे.

धर्मा माझ्याकडे वळला. मी बोलण्याची तो वाट पाहत होता. त्याचे नाव माझ्या एका वाक्यावर अडले होते आणि ते वाक्य चार शब्दांचे होते — याने नकार दिला नव्हता. मी पायांकडे पाहत राहिलो.

"मंग तसाच असंल," तो म्हणाला आणि पुन्हा विणायला बसला.

जनाबाई गप्प बसली नाही. "त्या दिशी दोन कप चा ढोसलास ना रं माज्या घरान? साकर कमी परली व्हती का?" बाकीचे हसले. मी नाही.

पुढे बोरिवलीच्या बाजारात बाया जनाबाईला पाखरे मारणाऱ्याची बायको म्हणून टोमणे मारत, असे कानावर आले. धर्माने खुंटावरचा सुरा सोडून नेला आणि बांधावर कॅमेरेवाल्यांना येऊ देणे बंद केले. त्यानंतर त्या जाळ्यात किती पक्षी अडकले आणि ओहोटी संपेपर्यंत लटकत राहिले, याची मला कल्पना नाही. मी तिकडे पुन्हा गेलो नाही. धर्मा वारल्याचे नव्वद सालानंतर कधीतरी कळले. तेव्हाही गेलो नाही.

आता राहिलेले सांगतो.

इतकी वर्षे मी स्वतःला एक गोष्ट पढवली — की धर्मावरचा तो आळ बक्षीस मिळाल्यावर कुणीतरी अचानक प्रश्न विचारला तेव्हा भांबावून तोंडातून निसटला. भांबावलेला माणूस काहीही बोलतो. तेवढे क्षम्य असते. पण तसे झालेच नाही. मला कुणी काही विचारले नव्हते.

जनाबाईच्या घरून मी साडेदहाला निघालो. घरी येऊन मोरी काळ्या कापडाने झाकली आणि फिल्म धुतली. तिसरे चित्र निवडले. दुपारी जेवलो, झोप काढली, उठून चित्र छापले. मग प्रवेशिका घेतली. तिच्यात एक रकाना होता — 'चित्र कोणत्या परिस्थितीत घेतले'. पाहणारा विचारील, पक्षी सोडवला का नाही? त्याचे उत्तर आधीच तयार असावे, असे मला वाटले. मी पेन्सिलीने दोन रेघा आखल्या आणि आरेखकाच्या सुबक अक्षरांत लिहिले, 'जाळ्याचा मालक, एक स्थानिक कोळी, याने विनंती करूनही जाळे कापण्यास नकार दिला.' लिहून पुन्हा वाचले. 'विनंती करूनही' हे शब्द मी नंतर, वर खूण करून घातले.

पेन्सिलीच्या रेघा खोडल्या. चित्र आणि प्रवेशिका जाड पुठ्ठ्यात घालून पाकीट चिकटवले. सहाच्या सुमारास अंधेरीला मंडळाच्या चिटणिसांच्या घरी गेलो. ते बाहेर गेले होते. पाकीट दाराखालून आत सरकवले, कोपरा बाहेर राहिला होता तोही बोटाने आत ढकलला, आणि परत आलो.