भोसल्यांच्या काळातलं लग्न

काकू गेली ते मला अमरावतीला, शेजारच्यांच्या फोनवर कळलं. शेजारीण दारात येऊन नुसतीच "नागपूरहून... नागपूरहून..." म्हणत होती आणि मी कणकेच्या हातांनी तशीच धावले. पलीकडे बाबा होते. "सुमन गेली गं. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, आणि..." एसटीत बसले तेव्हा बोटांवरची कणीक वाळली होती. नागपूर येईपर्यंत मी ती खरवडत बसले, पण रडू काही आलं नाही. आता दीड महिना झाला, आता येतं. भाजीवाल्याशी भाव करताना येतं आणि चारचौघांत माझी शोभा होते.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच काका विषमज्वरानं गेले. पुढे मी सहा वर्षांची असताना माझी आई गेली. बाबांच्या धरमपेठेतल्या घरात अशा आम्ही दोघी एकमेकींच्या वाट्याला आलो. मला वाढवता वाढवता ती शिकली आणि मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायला लागली. शाळेत तिचा असा दरारा की विचारू नका! पेपरात कुणी पदरचं काही लिहिलं की ती लाल रेघ ओढायची. मी एकदा एका किल्ल्यावर नसलेलं तळं लिहून ठेवलं, तर सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "खणायला तू स्वतः गेली होतीस का?" माहीत नसेल तर जागा सोडा, पण इतिहासात आपलं घुसडू नका, हे तिचं ठरलेलं वाक्य.

अशी ही बाई. पण घरी सवाष्णी हळदीकुंकवाला आल्या की निमूट स्वयंपाकघरात जाऊन बसायची. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात ती हौसेनं बोहल्याजवळ अक्षता घेऊन उभी राहिली, तर एका बाईनं दंडाला धरून तिला मागे नेलं. हलक्या हातानं नेलं हो, पण नेलंच. घरी आल्यावर मी थयथयाट केला. माझ्या लग्नात तू माझ्यामागे उभी नसलीस तर मी बोहल्यावर चढणारच नाही, असं बजावलं. ती साडीची घडी घालत म्हणाली, "थयथयाट करून कुणी जागा देत नसतं, गधडे."

आणीबाणीच्या आदल्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि कुहीच्या सासरहून आत्या येऊन थडकली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. माहेरी आली की घरातला चमचासुद्धा तिला विचारून हलायचा. बॅग ठेवायच्या आधी तिनं फर्मान काढलं, "सुमननं कोठीचं पाहावं. मांडवात मी आहे. शुभकार्यात उगाच अपशकुन कायले पाहिजे?" बाबा पेपरात तोंड खुपसून बसले. काकू कोठीच्या किल्ल्या घेऊन उठली. मला वाटलं, संपलं. माझ्या पाठीशी माझं माणूस असणार नाही.

दुसऱ्या दिवशी चहा देताना काकू बाबांना म्हणाली, "भावोजी, आपले पूर्वज भोसल्यांच्या दरबारात लेखणी चालवायला नागपुरात आले. घरात ही एकच मुलगी. तिचं लग्न त्या काळच्या थाटात केलं तर?" बाबा सरकारी कचेरीत कारकून, पण पूर्वजांचं नाव काढलं की त्यांची छाती फुगायची. झालं, बाबा पेटले! बँड रद्द, सनई-चौघडा. टेबल-खुर्ची रद्द, पळसाच्या पत्रावळी. मांडवात समया. माझ्या नऊवारीसाठी काकू आणि मी गांधीबागेतली दुकानं पालथी घातली. दुकानदार जरीचं नायलॉन पुढे करायचा आणि काकू म्हणायची, "हे त्या काळात कुठलं हो?" पगडी आली नाटकवाल्याकडून, ती एवढी मोठी की नवरदेवाच्या चष्म्यावर येऊन बसली. आमचे हे इंजिनिअर. त्यांना फुलांनी सजवलेली फियाट हवी होती, आणि मिळालं घोडं! अजून म्हणतात, "तुझ्या काकूनं माझा पार तमाशा केला." असं म्हणतात, आणि आता तेही डोळे पुसतात.

या सगळ्या गडबडीत काकूनं सहज, पत्रावळींचा हिशेब सांगावा तशा आवाजात सांगितलं की त्या काळी पाठशेल्याची रीत होती. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी, जिनं मुलीला लहानाचं मोठं केलं ती मुलीच्या खांद्यावर शेला घालायची आणि अक्षता पडेपर्यंत पाठीवर हात ठेवून उभी राहायची. "मग ती सवाष्ण असो की नसो," काकू म्हणाली आणि सुपारी कातरायला लागली.

गहू पाखडणारी आत्या सूप बाजूला ठेवून तिच्याकडे बघतच राहिली. "हे मी कधी ऐकलं नाही वं."

"तुमच्या आजेसासूच्याही आधीचं आहे, वन्सं."

"कोणी सांगितलं तुले?"

काकूचा अडकित्ता थांबला. उभ्या जन्मात मी तिला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. "मी इतिहास शिकवते, वन्सं," ती म्हणाली. ते खरंच होतं म्हणा. आत्यानं तिला चांगलं निरखून पाहिलं, मग सूप उचललं. "असंल बाप्पा. केलं तर सारंच त्या काळचं करा."

लग्नात काकूनं माझ्या खांद्यावर शेला घातला. तिचा हात माझ्या पाठीवर होता आणि मला मंगलाष्टकातलं अक्षर ऐकू आलं नाही. इतक्या लोकांसमोर, अगदी मधोमध उभी होती माझी काकू. पदर नीट, मान ताठ, आणि डोळ्यांतून नुसत्या धारा.

पुढे मजाच झाली. पाठशेला आमच्या घराण्यात रुजला. चुलत, आते, सगळ्यांच्या लग्नांत होऊ लागला. आत्याचे यजमान वारले आणि मग कुहीला तिच्या नातीच्या लग्नात तीच शेला घेऊन नातीमागे उभी राहिली. नवरदेवाकडची एक बाई कुजबुजली तर आत्या तिच्यावर खेकसलीच, "आमच्यात पहिल्यापासून आहे!" परतताना बसमध्ये काकू खिडकीबाहेर बघत बसली होती. तशीच म्हणाली, "किती लग्नांत केलं म्हणजे खरी होते गं रीत?" मी हसले. ती नाही हसली. "पेपरात मी याला शून्य दिलं असतं," एवढंच म्हणाली.

काकू गेली त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा काकूला न्हाऊमाखू घालून बैठकीत ठेवलं होतं. अंगावर तिची नेहमीची पांढरी साडी. आत्या कुहीहून माझ्या आधीच आली होती. आता ती पार थकली आहे, काठी घेऊन चालते. ती देवघरात गेली, करंडा घेऊन आली, कशीबशी खाली बसली आणि काकूच्या कपाळावर तिनं कुंकू लावलं. छोटंसं नाही, चांगलं ठसठशीत. मी काकूला कुंकवात कधी पाहिलंच नव्हतं. मला ती क्षणभर ओळखूच आली नाही.

"अहो, त्यांना कसं कुंकू...?" शेजारच्या एक आजी म्हणाल्या.

"लेकरू वाढवलं तिनं. आमच्यात अशा बाईले लावतात," आत्या म्हणाली. "भोसल्यांच्या काळापासून आहे." आवाज तोच, फर्मानाचा. मग ती माझ्याकडे वळली. "काहून वं, अशी काय पाहून राहिली? सांग ना या साऱ्यायले. आहे का नाही रीत?"

म्हणजे तिला माहीत होतं. त्या सुपाच्या दिवसापासून तिला सगळं माहीत होतं...

एसटीत न आलेलं रडू मला तिथं फुटलं. "आहे," मी म्हणाले. "काकूनंच शिकवलीय मला."