गोड न बोलणाऱ्या बाई

"खरं बोलू की गोड बोलू?" बाई समोरच्याला आधी विचारायच्या. तो बिचारा "गोड" म्हणाला, तरी ऐकायला खरंच मिळायचं. विचारणं हा निव्वळ शिष्टाचार.

बाई मूळच्या नगरकडच्या. इंदूरच्या एका शाळेत गणित शिकवायला आल्या आणि निवृत्तीनंतर विजय नगरातच, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहिल्या. धर्मानं ख्रिस्ती, घरात एकट्या. वॉचमन त्यांना 'बाईजी' म्हणायचा. शेजारच्या गुप्ताभाभींनी हौसेनं नवे पडदे दाखवले, तेव्हा बाई म्हणाल्या, "कपड़ा अच्छा है. सूट सिलवा लो." माझ्या शिऱ्याला "साखर बरोबर आहे" एवढीच दाद मिळाली. रव्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, ही मी कृपाच समजले.

खरं बोलून मोकळी होणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई त्यांतल्याच एक, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

गुडघ्यांमुळे त्यांना बसमध्ये चढवेना, म्हणून रविवारी मी त्यांना गाडीनं चर्चला नेऊ लागले. मी देवळात जाणारी. पण परत आणायचंच असायचं, तर मागच्या बाकावर बसून राही. तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरू, फार गोड माणूस. त्यांच्या प्रवचनात क्षमा इतकी सढळ असे, की मुळात कुणाचं काही चुकलंय असं वाटायचंच नाही.

"कृपा आणि सत्य, दोन्ही हवं," बाई परतताना गाडीत कुरकुरायच्या. "ह्यांनी अर्धाच धडा वाचलाय."

मग सुधीरचं प्रकरण झालं. सुधीर चर्चमध्ये पेटी वाजवायचा. बायकोला, मार्थाला, टाकून तो दुसऱ्या एका बाईकडे राहायला गेला होता. तिथं फिसकटलं आणि एका रविवारी तो चर्चमध्ये हजर झाला. नाताळ तोंडावर आणि दुसरा पेटीवाला नाही. त्यामुळे चर्चच्या मंडळीनं त्याला ताबडतोब क्षमा केली. पाळकांनी मिठी मारली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मार्था तिथं नव्हती. लाजेनं तिनंच चर्चला येणं सोडलं होतं.

बाई उभ्या राहिल्या. "सुधीर, मार्थाची माफी मागितलीस?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"जिचं वाटोळं झालं ती घरी बसलीय आणि आपण इथं टाळ्या पिटतोय. कमाल आहे."

सुधीर उठून निघून गेला. त्या नाताळात गाणी पेटीवाचून झाली आणि बेसूर झाली. दोष अर्थात बाईंचा. "बाईजींनी इतकं कडक नव्हतं बोलायचं, यार," असं बाहेर पोहे खाताना सगळ्यांचं ठरलं.

पुढं सुधीरला कावीळ झाली. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. पाळकांनी लांबलचक प्रार्थना पाठवली. दवाखान्यात मात्र बाई गेल्या, आणि गाडी माझी म्हणून मीही. डब्यात भाताची पेज होती. सुधीरला हात उचलवत नव्हता. बाई स्टूल ओढून बसल्या.

"तू चुकलास," त्या म्हणाल्या. "तोंड उघड."

त्यानं उघडलं. चमचा आत गेला.

"फार वाईट वागलास तिच्याशी. गरम लागतेय का?"

"नाही."

"मग घे अजून."

तो रडायला लागला. बाईंनी पदरानं आधी त्याची हनुवटी पुसली, मग डोळे. तो बरा होईपर्यंत त्या रोज पेज घेऊन जात राहिल्या. 'जाऊ दे, झालं गेलं' असं मात्र एकदाही म्हणाल्या नाहीत.

हिंडूफिरू लागल्यावर सुधीर मार्थाच्या दारात गेला आणि उभ्या उभ्या माफी मागून आला. तिनं माफ केलं. घरात घेतलं नाही. मंडळी हळहळली. पाळक तिची समजूत घालायला निघाले, तर बाई आडव्या आल्या.

"तिनं क्षमा केलीय. घराची किल्लीही द्यायला हवी, असं कुठं सांगितलंय?"

पुढच्या रविवारी मार्था चर्चला आली. सुधीर पेटीवर, मार्था बाईंच्या शेजारी. असं कसं चालेल, असं सगळे म्हणत राहिले आणि ते चालत राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात बाई झोपेतच गेल्या. अंत्यविधीला चर्चमध्ये गुप्ताभाभी आल्या, वॉचमनही आला. पाळक बोलायला उभे राहिले.

"आपल्या भगिनी अत्यंत मृदुभाषी होत्या. त्यांनी आयुष्यात कधी कुणाचं मन दुखावलं नाही."

मग मार्था फिसकन हसली. तिनं तोंडावर रुमाल दाबला, पण तोवर तिकडं सुधीरचे खांदे हलू लागले होते. मग गुप्ताभाभी, मग मी. बघता बघता सगळं चर्च रडत रडत हसायला लागलं.

पाळक गोंधळून बाईंच्या शवपेटीकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"मला तर त्या दर रविवारी रागवायच्या," ते म्हणाले, आणि डोळे पुसू लागले.