शोधपेटी क्रमांक एक

माझ्या लाडक्या दोघांनो,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर मला तुमच्या तिकडच्या जंगलातला तो प्लॅस्टिकचा डबा दाखवलात. उपग्रहाच्या मदतीने शोधलेला, आत छोटी वही, वहीत आधी येऊन गेलेल्यांची नावं. धाकटी म्हणाली, "आजी, हा नवीन खेळ आहे, तुला नाही कळणार." मी हसले आणि चहाचं निमित्त करून उठले, कारण मला जे सांगायचं होतं ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. म्हणून आता लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवेल. असा एक डबा मी नव्वदच्या दशकात, तुमची आई शाळेत असताना, लासुर्ण्याच्या अलीकडे लपवला होता. त्या डब्याने एका माणसाच्या विहिरीचं काम बंद पाडलं होतं.

तेव्हा मी बारामतीत शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि तुमचे आजोबा गणित. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की तुमची आई मैत्रिणीकडे जायची आणि आम्ही मोटारसायकल काढायचो. काटेवाडीपर्यंत मोठा रस्ता, मग कुठला तरी फाटा, मग पाटाकडेची कच्ची वाट. गाडी ते चालवायचे. मी मागे बसून वहीत लिहायची: किती किलोमीटरला कुठलं वळण, कुठे देऊळ, कुठे चढ. त्या वह्या नीट आखलेल्या असत. आजोबा म्हणायचे, "तू मागे बसलीस की मला इन्स्पेक्शनला निघाल्यासारखं वाटतं."

परदेशातल्या एका पत्रमैत्रिणीने मला लिहिलं होतं की तिच्याकडे लोक माळरानावर डबे लपवतात. आत वही आणि रबरी शिक्का असतो. शोधणाऱ्याने नाव लिहायचं, शिक्का मारायचा, डबा परत तिथेच ठेवायचा. मला हे फार आवडलं. तेव्हा उपग्रह आपल्या खिशात आलेला नव्हता, पण माझ्याकडे किलोमीटरची वही होती, म्हणजे अडचण काहीच नव्हती.

मी सगळं व्यवस्थित केलं. झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "हा डबा सापडल्यास नाव, गाव व तारीख लिहावी, शिक्का मारावा. डबा जागेवरून हलवू नये." तहसील कचेरीसमोर शिक्के करणारा बसायचा, त्याच्याकडून शिक्का करून घेतला. मध्ये मोटारसायकलचं चाक, भोवती गोल अक्षरं: शोधपेटी क्रमांक १. जांभळ्या शाईचं पॅडही ठेवलं.

जागा निवडली एका बांधाच्या कोपऱ्यात. तिथे हद्दीचा दगड होता आणि काही अंतरावर दगडगोट्यांची रास. राशीत डबा ठेवला. हद्दीच्या दगडावर चुन्याचा ठिपका दिला, म्हणजे शोधणाऱ्याला खूण दिसावी. दगडापासून राशीपर्यंतचं अंतर माझ्या शिवणकामाच्या टेपने मोजलं. टेप पाच फुटांचा, त्यामुळे पुन्हा पुन्हा वाकावं लागलं. मी मोजत होते, आजोबा आकडे लिहीत होते. शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना मी वाटेच्या सूचना टाइप करून दिल्या. ती दिवाळीची सुट्टी होती.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही पाहायला गेलो. सहकारी अजून गेले नव्हते, तसं त्यांनी सांगितलंच होतं. डब्यात काही असेल अशी अपेक्षा नव्हती. पण वही उघडली तर चार पानं भरलेली! मला इतका आनंद झाला की मी आजोबांना हाक मारली. मग वाचायला लागले.

"आमची जमीन बागायत आहे. यातून रस्ता काढण्यास आमची हरकत आहे." खाली सही.

"रस्ता आमच्या बाजूने न नेता ओढ्याच्या पलीकडून न्यावा." खाली सही.

त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात: "वरील इसमाचे ऐकू नये. पलीकडे आमचे रान आहे."

अशा सहा हरकती. दोघांनी सहीऐवजी माझ्याच पॅडवर अंगठा टेकवून जांभळा ठसा उमटवला होता. प्रत्येक हरकतीवर पोच म्हणून माझा शिक्का मारलेला होता, अगदी सरळ. आणि सूचनेप्रमाणे डबा कुणी जागेवरून हलवला नव्हता.

आजोबा हसत सुटले. मीही हसले असते, पण सहावी हरकत वाचली होती. त्यात लिहिलं होतं: "माझे विहिरीचे काम चालू होते ते आपल्या खुणेमुळे थांबविले आहे. लवकर काय ते कळवावे."

मी मान वर करून पाहिलं. दोन शेतं पलीकडे मातीचा मोठा ढीग होता. दगडमाती वर ओढणारी यारी आडवी पाडून ठेवली होती. तिथे कुणी काम करत नव्हतं.

"चला," मी म्हटलं.

"गाडी मी चालवतो," आजोबा म्हणाले. "बोलायचं तू."

वस्तीवर एक म्हातारे आबा बाजेवर बसले होते. आम्हाला पाहून उठले, टोपी नीट केली. "या साहेब. म्हनलं येनार कवातरी."

"आबा, आम्ही साहेब नाही. मी शाळेत शिकवते. तो डबा माझा आहे."

"मंग साहेब मागनं येनार हायेत?"

"कुणीच येणार नाही. रस्ता नाही, काही नाही. तो खेळ आहे."

आबांनी घराकडे तोंड करून हाक दिली, "आगं, ऐकलंस का? खेळ हाय म्हनं."

त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "खेळ? येवडी शिकलेली मानसं उन्हात वाकवाकून बांध मोजत हुती. म्या बगितलं की. तेरा डाव टेप टाकला तुमी."

"चौदा, मावशी," आजोबा म्हणाले. "एकदा आमचं भांडण झालं म्हणून परत टाकला."

मावशी हसली नाही. आबांनी आम्हाला बाजेवर बसवलं आणि स्वतः खाली बसले. ते मला आवडलं नाही, पण ते ऐकेनात.

"बाई, तुमच्यावर राग न्हाय. वरनं सांगितलं आसंल, गप रावा म्हनून. पर माजं काम आडलंय. सहा परस खाली गेलोय, सहा मानसं एकावर एक हुबी ऱ्हातील यवडं. खाली वलावा लागलाय. आता रस्त्यात जमीन जानार आसंल तर इहीर कुनासाठी खांदू? यारीवाल्याला दुसऱ्या गावचं बोलावनं आलंय. बुधवारी गेला की उन्हाळ्याच्या आत काय परत येत न्हाय त्यो."

मावशीने घराच्या सावलीकडे बोट केलं. तिथे डाळिंबाची रोपं काळ्या पिशव्यांत ओळीने ठेवलेली होती. "रोज कळशीनं पानी घालतीया. किती दिस घालू?"

मी पुन्हा समजावलं. पत्रमैत्रीण, माळरान, डबे, सगळं. मी जितकं नीट सांगत गेले तितकं ते त्यांना सरकारी वाटत गेलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एक सोपा उपाय हाताशी होता. वहीत "रस्ता रद्द" असं लिहून शिक्का मारला असता तर आबांनी लगेच मान्य केलं असतं. मला तो मोह झाला, हे तुम्हाला सांगते. पण मी सरकार नाही हे पटवायला मी सरकार असल्यासारखी सही करायची, हे मला जमणारं नव्हतं. आणि उद्या खरंच कुणी मोजणीला आलं असतं तर आबांनी माझंच पान पुढे केलं असतं.

म्हणून मी डब्यातला शिक्का काढला आणि मावशीच्या हातात दिला. "मावशी, हा तुम्ही मारा."

"कशावर?"

"हवा त्यावर."

तिने आधी स्वतःच्या तळहातावर मारला. निरखून पाहिला. मग वहीच्या कोऱ्या पानावर दोनदा. मग काय मनात आलं कोण जाणे, पुढे झाली आणि आबांच्या पांढऱ्या टोपीवर मारला.

"आगं ए!"

"थांबा वो," ती म्हणाली. टोपीकडे पाहत तिने विचार केला. "ह्यात सिंव्ह न्हाईत. गाडीचं चाक हाय. आन् सरकारी शिक्का कोन असा माज्या हातात देईल? तलाठी तर शिक्का कुलपात ठिवतो. कागुद मागायला गेलं तर तीन चकरा मारायला लावतो त्यो."

"हा तुम्हीच ठेवा," मी म्हटलं.

"कायमचा?" आबांनी विचारलं.

"कायमचा."

आबांनी टोपी काढून शिक्का जवळून पाहिला. मग आजोबांकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमची बायकू खरंच खेळतीया."

"मी वीस वर्षं तेच सांगतोय," आजोबा म्हणाले.

आबांनी लगेच यारीवाल्याला निरोप धाडला. मग हरकत घेतलेल्या बाकीच्या पाचांना बोलावून घेतलं. मी प्रत्येकाची माफी मागितली आणि प्रत्येकाला आपापली हरकत स्वतःच्या हाताने खोडायला सांगितलं. ज्याने पलीकडून रस्ता न्या असं लिहिलं होतं आणि ज्याने त्याचं ऐकू नये असं लिहिलं होतं, ते दोघे शेजारी शेजारी बसून खोडत होते आणि एकमेकांकडे पाहत नव्हते. एकाचा हिरमोड झाला. त्याला मनातून डांबरी रस्ता हवा होता, हरकत त्याने आपली इतरांनी घेतली म्हणून घेतली होती. खोडलेल्या प्रत्येक ओळीवर मावशीने ऐटीत शिक्का मारला. निघताना मी हद्दीच्या दगडावरचा चुना ओल्या फडक्याने पुसला. पूर्ण गेला नाही, म्हणून आबांनी वरून शेण फासलं.

यारी दुसऱ्या दिवशी उभी राहिली. फेब्रुवारीत आम्ही गेलो तेव्हा मावशीने तांब्या आणला. पाणी मचूळ नव्हतं. रोपं लागली होती.

मी खेळ बंद केला नाही. डबा पुन्हा त्याच राशीत ठेवला, पण आता शिक्क्यासाठी शोधणाऱ्याला वस्तीवर जावं लागे. माझे दोन्ही सहकारी जाऊन आले. दोघांना चहा मिळाला आणि हातावर शिक्का. पुढे मी इंदापूरच्या बाजूला आणखी दोन डबे लपवले. आधी ज्याचं रान त्याला सांगून, चुना न लावता. आजोबा म्हणायचे, "सगळ्या गावाला ठाऊक असलेला लपवलेला डबा फक्त तुझाच." असेना. त्या डब्यांवर कुणी हरकत घेतली नाही.

तुमच्या जंगलातल्या डब्यावर जमिनीच्या मालकाची परवानगी आहे का, ते मात्र विचारून घ्या.

आबा आणि मावशी आता नाहीत. तुमचे आजोबाही नाहीत. इंदापूरकडचे दोन्ही डबे रस्ता रुंद झाला तेव्हा गेले. शिक्का आबांच्या नातवाकडे आहे, पण रबर कडक होऊन तडकलं आहे, तो उमटत नाही. वही माझ्या कपाटात डावीकडच्या खालच्या कप्प्यात आहे. सहा हरकती, दोन अंगठे, सगळं वाचता येतं. विहीर आहे, आणि तिला पाणी आहे.